चिप्सच्या पाकिटातून कॅटलिस्ट : कोळसा करायचाच तर कुठल्या प्लास्टिकचा?

रंध्रिका | १२ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. मी पुण्यात एका लॅबमध्ये गेली चार वर्षं प्लास्टिकच्या कचऱ्यापासून सच्छिद्र कार्बन करतेय. म्हणजे प्लास्टिकचा कोळसा करायचा, त्याला डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं पाडायची आणि मग तो कोळसा उत्प्रेरक (कॅटलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिअॅक्शन वेगाने घडवून आणणारा पदार्थ) म्हणून वापरायचा, नाहीतर दुसऱ्या एखाद्या उत्प्रेरकाला बसायला जागा म्हणून.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की "म्हणजे जाळता?" तर नाही. जाळणं म्हणजे हवेतला ऑक्सिजन लागणं, त्यात कार्बन सगळा धूर होऊन जातो. आम्ही नळीच्या भट्टीत मूस ठेवतो, आधी नायट्रोजन सोडून आतली हवा हाकलून देतो आणि मग तापवतो, अगदी रानातली कोळशाची भट्टी मातीने लिंपतात ना, त्याच कारणासाठी.

मी सुरुवात केली पाण्याच्या बाटलीपासून, म्हणजे पेट. कारण पेटच्या कणात बेन्झिनचं कडं साखळीच्या मधोमध ओवलेलं असतं, तापवल्यावर ही कडी एकमेकांना धरून राहतात आणि थोडाफार कोळसा मागे उरतो. थोडाफारच बरं का! पेटमध्ये वजनाने ६२.५ टक्के कार्बन असतो पण हातात येतो त्याच्या कितीतरी कमी, १० ग्रॅम बाटलीचे तुकडे घातले की जेमतेम दीड-दोन ग्रॅम. बाकीचा वायू आणि पांढऱ्या भुकटीच्या रूपाने निघून जातो. ती पांढरी भुकटी म्हणजे टेरेफ्थॅलिक आणि बेन्झोइक आम्ल, भट्टीच्या थंड टोकाला जाऊन बसतं. पहिल्याच वर्षी माझी बाहेर जाणारी नळी या भुकटीने पूर्ण चोंदली, आत दाब वाढला आणि मागचं रबरी बूच उडून भिंतीवर आपटलं. कोणाला लागलं नाही पण त्या दिवसापासून मी बाहेरची नळी बोटभर जाडीची वापरते आणि दर रनला काढून धुते.

आता गंमत बघा, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये कार्बन पेटपेक्षा खूप जास्त, ८५.७ टक्के. तरी नुसत्या नायट्रोजनमध्ये तापवलं तर मुशीत जवळजवळ काहीच उरत नाही! अनारसा तुपात हसतो तशी ती सरळ साखळी कुठेही तुटते आणि मेण, तेल, वायू होऊन उडून जाते. पॉलिस्टायरीनची त्याहून कमाल, त्यात ९२ टक्के कार्बन आणि बेन्झिनचं कडंसुद्धा आहे, पण ते साखळीत ओवलेलं नसून बाजूला लटकलेलं असतं, त्यामुळे साखळी उसवत जाते आणि परत स्टायरीन होऊन निघून जाते. म्हणजे कार्बन किती आहे याला महत्त्व नाही, तो कसा बांधलाय याला आहे. मला हे कळायला एक अख्खं वर्ष लागलं आणि अजूनही मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

भोकं पाडायची नेहमीची रीत म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लॅबमध्ये आम्ही नुसतं केओएच म्हणतो. कोळशाच्या चौपट वजनाचं केओएच घालून ७००–८०० अंशाला तापवायचं. ते कार्बनला खातं, त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं, वर धातुरूप पोटॅशियमची वाफ कार्बनच्या थरांमध्ये घुसून त्यांना फाकवते. मग आम्लाने आणि पाण्याने धुवायचं. उरतो त्या एका ग्रॅम कोळशाला आतून हजार चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग असतो, कधी दोन हजार. आपल्या हिशेबात सांगायचं तर एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, तेव्हा चिमूटभर कोळशात दहा-वीस गुंठे. हे मोजतात कसं, तर उणे १९६ अंशाला नायट्रोजन वायू त्याच्या भिंतींवर किती चिकटतो ते बघून, १९३८ साली ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर या तिघांनी जे समीकरण मांडलं तेच (त्यांच्या आद्याक्षरांवरून बीईटी) आजही वापरतात.

इतकं सगळं चांगलं असून मला गेलं वर्षभर एक गोष्ट डाचतेय. हिशेब मांडा : १० ग्रॅम बाटली, त्यातून दोन ग्रॅम कोळसा, त्याला आठ ग्रॅम केओएच, तापवून धुवून हातात एक ग्रॅमच्या आसपास. आणि बाटली हा काही टाकाऊ माल नाही, तिला भंगारात भाव आहे, तिचा धागा होतो, उशीतला कापूस होतो. मग मी कचरा कमी करतेय का विकला जाणारा माल खातेय? म्हणून मी आता बाटली सोडून चिप्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या असल्या कोणीच न घेणाऱ्या मालाकडे वळलेय. ते फार अवघड आहे. तुमच्यापैकी केमिकल, भंगार, कापड, शेती कुठल्याही धंद्यातलं कोणी असेल तर मोकळेपणाने लिहा.

---

काचपत्रा | १२ जून, रात्री ११:३२

ताई, शेवटचा परिच्छेद वाचून खूप बरं वाटलं. मी कचरा वेचणाऱ्या बायांसोबत काम केलंय. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे हे तुम्हाला माहीत असेलच, नावातच बघा कागद काच पत्रा आहे, कारण ज्याला भाव तेच वेचलं जातं. आज बायांच्या गोणीत सगळ्यात आधी जाते ती पाण्याची बाटली. पेपरात "बाटलीपासून अमुक बनवलं" अशी बातमी आली की सगळे टाळ्या वाजवतात, पण मला आधी वाटतं की अरे ती बाटली कोणाच्या तरी संध्याकाळच्या भाजीचे पैसे आहेत.

वेफर्सचं पाकीट वाकून उचलायला लागणारे कष्ट तेवढेच आणि मिळतात शून्य रुपये. ते जातं कुठे तर डंपिंगला, नाल्यात, फारतर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून. तुमच्या संशोधनाने त्या पाकिटाला किलोमागे थोडा जरी भाव आला तरी ते रस्त्यावर दिसणार नाही, हे मी तुम्हाला लिहून देते.

---

निवृत्त_केमिस्ट | १३ जून, सकाळी ६:१५

रंध्रिका, अभिनंदन आणि मनापासून आशीर्वाद. मी एका औषधाच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, हायड्रोजनेशनच्या, म्हणजे औषधाच्या कणाला हायड्रोजन जोडायच्या सेक्शनला. त्यामुळे कोळशावर बसवलेला पॅलेडियम, ज्याला आम्ही पीडी-बाय-सी म्हणायचो, तो माझा रोजचा माल. तुमच्या कार्बनला मी त्या नजरेने बघतो म्हणून चार गोष्टी सांगतो.

आमच्याकडे माल यायचा तो ५ नाहीतर १० टक्के पॅलेडियमचा, आणि निम्मं पाणी असलेला ओला. ओला का, तर रिअॅक्शन झाल्यावर गाळलेला कॅटलिस्ट हायड्रोजन पिऊन बसलेला असतो, तो कोरडा झाला की हवेत आपोआप पेटतो. माझ्या समोर एका नवीन मुलाने फिल्टरवर कोरडा पडू दिला होता आणि शेजारी मेथॅनॉल होतं... पाणी मारून वाचलो. तुमच्या मुलामुलींना हे आधी शिकवा.

दुसरं म्हणजे राख. वापरून झालेला माल आम्ही परत पाठवायचो, तिथे कार्बन जाळून पॅलेडियम काढून घेतात, कारण खरी किंमत धातूची. म्हणून कार्बनमध्ये राख जितकी कमी तितकं बरं. शुद्ध पॉलिमरपासून केलेला कार्बन इथे जिंकू शकतो, लाकडाच्या कोळशात काही ना काही खनिज येतंच. पण चिप्सच्या पाकिटात अॅल्युमिनियम आणि शाई आहे, तुम्ही त्याचं काय करता? आणि गंधक नको, अजिबात नको. पॅलेडियमला गंधक म्हणजे विष. एकदा कच्च्या मालात गंधकाचा अंश आला होता तर रिअॅक्टरवरचा दाबाचा काटा तासभर जागचा हलला नव्हता, हायड्रोजन घेतच नव्हता.

---

देवगडकर | १३ जून, सकाळी ९:४०

चांगला विषय. पण मला एक साधा प्रश्न पडलाय, राग मानू नका. आमच्याकडे नारळाच्या करवंटीचा ढीग असतो, तिचा कोळसा उत्तम होतो, घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये तोच असतो. मग प्लास्टिकची एवढी उठाठेव कशाला? करवंटी दरवर्षी झाडाला लागते, तिला क्लोरिन नाही, अॅल्युमिनियम नाही.

---

रंध्रिका | १३ जून, दुपारी १:२०

देवगडकर, राग कसला, हा प्रश्न मला माझ्या गाईडनेही विचारला होता. करवंटीशी पाण्याच्या फिल्टरमध्ये प्लास्टिकने स्पर्धा करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती टणक असते, दाणा फुटत नाही, स्वस्त आहे.

पण तिची भोकं बहुतेक सगळी दोन नॅनोमीटरपेक्षा बारीक, त्यांना मायक्रोपोर म्हणतात. दोन ते पन्नास नॅनोमीटर असली की मेसोपोर, त्याच्या वर मॅक्रोपोर. आता असं बघा की जुन्या पेठेत नुसते बोळच बोळ आहेत, रस्ताच नाही. माणूस आत जाईल पण हातगाडी जाणार नाही, आणि माणूससुद्धा समोरून दुसरा आला की अडकेल. क्लोरिनचा किंवा वासाचा लहानसा कण धरून ठेवायला बोळ छान, पण उत्प्रेरकाला कण आत यायला हवा, बदलायला हवा आणि बाहेरही पडायला हवा, शिवाय रंगाचे आणि औषधाचे कण मोठे. त्याला बोळांना जोडणारे रस्ते लागतात, म्हणजे मेसोपोर. करवंटीत झाडाने जी रचना केलीय ती घेऊनच आपण सुरुवात करतो, प्लास्टिक मात्र वितळतं, त्याला हवा तो साचा देता येतो. फरक इथे आहे.

केमिस्टकाका, तुमच्या पोस्टची मी प्रिंट काढून भट्टीजवळ लावलीय. पाकिटांचं मी काय करते ते सांगते. उघड्या नळीत ती उडून जातात म्हणून बंद स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बारीक भुकटीसोबत तापवते. वाफ बाहेर पळू शकत नाही, ती त्या भुकटीच्या दाण्यांवर कार्बन होऊन बसते, मग सौम्य आम्लाने मॅग्नेशियम विरघळवून काढलं की दाण्यांच्या जागी भोकं राहतात. केओएच लागत नाही. मॅग्नेशियम त्या धुण्यातून परत मिळवता येतं, म्हणजे तेच पुन्हा वापरता येतं. त्या आम्लात पाकिटाचं अॅल्युमिनियमही बरंचसं जातं, पाकिटावरचा तो चकचकीत थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ असतो. खरा त्रास पांढऱ्या रंगाचा! तो टायटॅनियम डायऑक्साइड, सौम्य आम्लाला दाद देत नाही. आणि तो स्वतःच उजेडात उत्प्रेरक असतो, त्यामुळे खिडकीजवळ प्रयोग केला तर काम कोणी केलं, माझ्या कार्बनने का त्या पांढऱ्या रंगाने, हे कळत नाही. म्हणून मी सगळे प्रयोग अंधारात करते आणि पांढरी पाकिटं वेगळी ठेवते.

बंद भांड्याची कल्पना माझी नाही. अमेरिकेत आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत विलास पोळ यांनी २०१० च्या सुमारास प्लास्टिकच्या पिशव्या बंद रिअॅक्टरमध्ये ७०० अंशाला तापवून कार्बनचे गोल गोळे केले होते, आणि कोबाल्ट अॅसिटेट घातलं की त्याच पिशव्यांमधून नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्या मिळाल्या. मी एमएस्सीला असताना ते वाचलं आणि या विषयात आले. ते गोळे भरीव होते, मला भोकं हवी होती, एवढाच फरक.

---

ओमची_आई | १३ जून, रात्री ८:०५

छान माहिती. माझा मुलगा सातवीत आहे, सायन्स एक्झिबिशनला हे करता येईल का? जुन्या पत्र्याच्या डब्यात बाटलीचे तुकडे घालून गॅसवर ठेवले तर कोळसा होईल ना?

---

रंध्रिका | १३ जून, रात्री ८:१८

ओमची आई, कृपा करून हे घरी करू नका, गॅसवर नाही आणि गच्चीतही नाही. त्यातून पेटणारे आणि विषारी वायू निघतात, तुकड्यांत चुकून पीव्हीसी आलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ येते, आणि बंद डबा म्हणजे फुटायलाच ठेवलेला.

पण ओमला याच विषयावर सुंदर प्रयोग करता येईल. दोन बरण्या घ्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलेलं पाणी. प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे साध्या पाण्यात टाका. दुधाची पिशवी, बाटलीचं झाकण, डब्याचं झाकण तरंगतील, ते पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. बुडालेले तुकडे मिठाच्या पाण्यात टाका, तिथे पॉलिस्टायरीनचा कडक चमचा वर येईल आणि पेटची बाटली बुडलेलीच राहील. तुकडे बुडवून हलवून घ्यायचे, हवेचा बुडबुडा चिकटला तर फसगत होते. दुसरा भाग म्हणजे माशांच्या दुकानात मेथिलीन ब्लूचं औषध मिळतं, त्याचे दोन थेंब पाण्यात घालून फिल्टरमधला कोळसा टाकून रंग कसा उतरतो ते दाखवायचं. ओमला काही अडलं तर मला इथेच विचारू दे.

---

अभि_आखेन | १४ जून, पहाटे २:४४

मी जर्मनीत इलेक्ट्रोकॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे विजेशी संबंधित रिअॅक्शनच्या उत्प्रेरकांवर पोस्टडॉक करतोय. रंध्रिका, तुमचा प्रामाणिकपणा आवडला म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

आमच्या क्षेत्रात गेली कित्येक वर्षं "मेटल-फ्री" कार्बनचं पेव फुटलंय. फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रात) ऑक्सिजनचं पाणी करायला प्लॅटिनम लागतं, ते महाग, म्हणून कार्बनमध्ये नायट्रोजन घाला आणि प्लॅटिनमसारखं काम करून घ्या. यातला मोठा भाग खरा आहे, लोखंड आणि नायट्रोजन दोन्ही असलेले कार्बन खरंच चांगले चालतात. पण ज्यांनी "आमच्यात धातू नाहीच" म्हटलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या कार्बनमध्ये लोखंड चोरून आलेलं असतं, केओएचमधून, स्टीलच्या बॉल मिलमधून, आणि तुमच्या बाबतीत तर खुद्द प्लास्टिकमधून. पेट बनवतानाच त्यात अँटिमनी वापरतात आणि ते बाटलीत राहतं. तुम्ही स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये करताय म्हटल्यावर तर मला लोखंड आणि निकेलचा पहिला संशय येतो.

२०२० मध्ये प्रागच्या संशोधकांनी ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यात, चक्क पक्ष्यांची विष्ठा घालून दाखवलं की त्यानेसुद्धा उत्प्रेरकाची ताकद वाढते. मुद्दा गंभीर होता, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक काहीही घातलं तरी थोडा फरक पडतोच, म्हणून "वाढली" एवढ्यावर पेपर लिहू नका, का वाढली ते शोधा. आयसीपी नावाच्या यंत्रावर धातू मोजा. थायोसायनेट घालून बघा, लोखंडाच्या जागा त्याने गपगार होतात, काम थांबलं तर समजायचं की काम लोखंड करत होतं.

बाकी दोन गोष्टी नुसत्या नोंदवून ठेवतो. २०२० मध्येच राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने विजेच्या झटक्याने, सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात, कचऱ्याचं ग्राफीन केलं. आणि ऑक्सफर्डच्या पीटर एडवर्ड्स यांच्या गटाने लोखंडाचा कॅटलिस्ट मिसळून प्लास्टिक मायक्रोवेव्हमध्ये तापवलं, तर हायड्रोजन वायू आणि नॅनोट्यूब दोन्ही मिळाले. घरचा मायक्रोवेव्ह नव्हे हे ओमच्या आईंसाठी.

---

रंध्रिका | १४ जून, सकाळी ११:०२

अभि, आयसीपी केलंय. लोखंड सापडलं, तुमचा संशय बरोबर होता. आता ऑटोक्लेव्हमध्ये आतून क्वार्ट्झची वाटी बसवलीय आणि त्याच बॅचचे दोन कार्बन करतेय, एक स्टीलला टेकलेला, एक न टेकलेला. आधीच्या मसुद्यात मी "धातुविरहित" असा शब्द वापरला होता, तो काढून टाकला. थायोसायनेटची चाचणी या आठवड्यात लावते. हे दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझे किती महिने वाचले असते!

---

यंत्रमाग_इचल | १४ जून, दुपारी ३:३०

आम्ही इचलकरंजीचे. कापडाच्या प्रोसेसमधलं रंगाचं पाणी हे आमच्या गावाचं आणि पंचगंगेचं जुनं दुखणं आहे, दरवर्षी उन्हाळा आला की नदीचं पाणी बघून जीव तुटतो. दरवर्षी कोणतरी पावडर घेऊन येतो, काचेच्या नळीत निळं पाणी घालतो, हलवतो, पाणी पांढरंशुभ्र, आणि म्हणतो टाका ऑर्डर. तुमच्या कार्बनने पण असंच होतं का? आणि रंग गेला म्हणजे झालं का हो?

---

रंध्रिका | १४ जून, रात्री ९:१५

दादा, रंग गेला म्हणजे झालं नाही. त्या काचेच्या नळीत दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे रंग नुसता कोळशाच्या भोकांत जाऊन बसला, त्याला अधिशोषण म्हणतात. कोळसा भरला की संपलं, आणि तो रंगाने भरलेला कोळसा आता नवीन कचरा. दुसरी म्हणजे रंगाचा कण खरंच तुटला, ते कॅटॅलिसिस, यात कोळसा पुन्हा पुन्हा वापरता यायला हवा. मी युरिया घालून तापवलेला, म्हणजे नायट्रोजन असलेला कार्बन वापरते आणि पाण्यात पेरॉक्सिमोनोसल्फेट नावाचं मीठ घालते, कार्बन रंगाकडून इलेक्ट्रॉन घेऊन त्या मिठाला देतो आणि रंग तुटतो.

पण तुटतो म्हणजे कुठवर तुटतो? रंग देणारा दुवा तुटला की पाणी पांढरं दिसतं, पण तुकडे पाण्यातच असतात आणि काही तुकडे मूळ रंगाहून वाईट असू शकतात. म्हणून पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो, टीओसी. पुढच्या वेळी कोणी पावडर घेऊन आला तर त्याला दोनच गोष्टी विचारा, टीओसी किती उतरला आणि तीच पावडर धुऊन दहाव्यांदा घातली तर काय होतं.

तिसरी अडचण खास तुमच्या पाण्याची आहे. रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ भरपूर लागतं, ते सगळं पाण्यात येतं. लॅबमध्ये आम्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये चिमूटभर रंग घालून छान आलेख काढतो. खऱ्या पाण्यात क्लोराइड असतं, ते पेरॉक्सिमोनोसल्फेटशी भिडून क्लोरिन असलेले नकोसे पदार्थ करू शकतं. तुमच्याकडे चालेल असं मी आज म्हणणार नाही. पण मला खऱ्या डाय-हाऊसचं पाणी हवंय, पाच लिटर, कुठल्या रंगाचं आणि किती मिठाचं ते लिहून.

---

यंत्रमाग_इचल | १४ जून, रात्री ९:४०

पाणी पाठवतो ताई. सकाळच्या पहिल्या धुण्याचं आणि शेवटच्या धुण्याचं वेगळं वेगळं देतो, दोन्हीत फार फरक असतो. अजून एक, पावडर पाण्यात टाकल्यावर परत काढायची कशी? आमच्या टाकीत हजारो लिटर.

---

रंध्रिका | १४ जून, रात्री ९:५२

पहिल्या-शेवटच्या धुण्याचं लक्षात आणून दिलंत ते फार बरं केलंत. पावडर काढायला एक वाट म्हणजे कार्बनच्या आत मुद्दाम लोखंड ठेवायचं, मग तो चुंबकाने ओढता येतो. अभि वाचत असेल तर, हो, इथे लोखंड जाहीरपणे आहे आणि त्याचं श्रेय त्याला देऊनच लिहीन. दुसरी वाट गोळ्या वळायची, पण बाइंडर (भुकटी बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) घातला की तो निम्मी भोकं बुजवतो. यावर अजून काम चालू आहे.

---

ऊसवाला | १५ जून, सकाळी ७:००

तुमच्या त्या केओएचच्या धुण्यात पोटॅशियम क्लोराइड निघत असणार ना, आम्ही म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून पोत्याने विकत घेतो तेच. ते उसाला चालेल की.

---

रंध्रिका | १५ जून, सकाळी १०:३०

पदार्थ तोच आहे, तुमचं बरोबर. पण त्यात प्लास्टिकमधले, शाईतले जड धातू उतरलेले असू शकतात, तपासल्याशिवाय थेंबही शेतात जाता कामा नये. आणि मला खरं तर केओएचच टाळायचंय.

---

हडपसर_स्क्रॅप | १५ जून, दुपारी १२:१५

मी वडिलांचं भंगाराचं दुकान बघतो, धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे यंत्र नाही पण हात आणि कान आहेत. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एचडी (कडक पॉलिथिन) दाबून, वाकवून कळतं, एलडी (मऊ पॉलिथिन) ताणलं की लांबतं, पेट चुरगळलं की खरखर आवाज येतो. पीव्हीसी कळत नाही कधी कधी, त्याला एक युक्ती आहे, तांब्याची तार गॅसवर लाल करायची, तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची, हिरवी ज्योत आली की पीव्हीसी. हे आम्ही उघड्यावर करतो आणि लांबून.

तुम्ही पाकिटं पाकिटं म्हणताय पण एक सांगतो, लोक त्याच्यात औषधाच्या गोळ्यांची रिकामी पानंसुद्धा टाकतात, चकचकीत दिसतात म्हणून. ती पारदर्शक फुगवटेवाली पानं पीव्हीसीची असतात. ती तुमच्या भट्टीत गेली तर वाट लागेल.

मी एक गोणी वेगळी काढून देऊ शकतो. चिप्स वेगळी, शाम्पू वेगळं, बिस्किटं वेगळं. पैसे नकोत, पण काय निघालं ते इथे लिहा.

---

निवृत्त_केमिस्ट | १५ जून, दुपारी ४:५०

या तरुणाने लाखमोलाची गोष्ट सांगितली. वजनाने अर्ध्याहून जास्त, जवळजवळ ५७ टक्के क्लोरिन असतं पीव्हीसीत, आणि ते अडीचशे-तीनशे अंशालाच आम्ल होऊन बाहेर पडायला लागतं. बंद स्टीलच्या भांड्यात ते भांडंच खातं, मग तुमच्या कार्बनमध्ये लोखंड येणारच.

आणि पीव्हीसीवरून आठवलं. पीव्हीसी ज्यापासून करतात ते व्हिनिल क्लोराइड, चीनमध्ये कोळशापासून अॅसिटिलीन काढून करतात आणि त्याला कॅटलिस्ट म्हणून अॅक्टिव्हेटेड कार्बनवर बसवलेलं मर्क्युरिक क्लोराइड वापरत आलेत, म्हणजे पारा. १९८५ मध्ये ग्रॅहम हचिंग्ज यांनी हिशेब मांडून सांगितलं की इथे सोनं चालेल. लोक सोन्याला निष्क्रिय धातू समजायचे तेव्हा. पुढे कार्बनवर बसवलेल्या सोन्याचा कॅटलिस्ट खरंच कारखान्यात गेला, २०१३ च्या मिनामाटा कराराने पाऱ्यावर बंधनं आली त्याचाही रेटा होता. सांगायचा हेतू हा की बातमीत सोन्याचं नाव येतं, पण खालचा कार्बन चांगला नसेल तर ते सोनं गोळा होऊन मरून जातं. रंध्रिका, तुम्ही त्या खालच्या थरावर काम करताय, ते मोठं काम आहे.

---

काचपत्रा | १५ जून, संध्याकाळी ६:२०

हडपसर_स्क्रॅप, तुम्ही पैसे नकोत म्हणालात, पण वेचणाऱ्या बाईला द्या काहीतरी. पाकीट वेगळं करायचं तर तिचा वेळ जाणार. पहिल्या गोणीपासूनच भाव ठरला तर पुढे कोणी फुकट मागणार नाही.

---

रंध्रिका | १५ जून, संध्याकाळी ७:४५

मान्य. आमच्या कन्झ्युमेबल्सच्या बजेटमध्ये केमिकलला पैसे असतात तर कच्च्या मालालाही असायला हवेत. गोणीचे पैसे मी रीतसर देईन. काय दर लावायचा ते तुम्ही दोघांनी मला सांगा.

---

रंध्रिका | २९ जून, रात्री १०:१०

मंडळी, गोणी आली, ११ किलो. दर काचपत्रा यांनी ठरवला, पैसे दिले. दोन मुली आणि मी तीन दिवस बसून निवडलं, धुतलं, वाळवलं. धुण्यातच इतकं मीठ-मसाला-तेल निघालं की पहिलं पाणी लाल होतं. हडपसर_स्क्रॅप यांनी सांगितलं तसं तांब्याच्या तारेने लॅबच्या हूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) तपासलं, चिप्सच्या ढिगात एकही हिरवी ज्योत नाही, बिस्किटांच्या ढिगात गोळ्यांची सात पानं सापडली. ती बाजूला ठेवलीत.

चिप्सच्या पाकिटांची पहिली बॅच झाली, क्वार्ट्झच्या वाटीत, मॅग्नेशियम ऑक्साइडसोबत. उघड्या नळीत जिथे मुशीच्या तळाला काळी रेघसुद्धा उमटत नव्हती तिथे वाटीभर हलका काळा भुगा निघाला, हाताळताना उडतो इतका हलका. धुऊन झालाय, बीईटीच्या मशीनवर पुढच्या गुरुवारी नंबर आहे. थायोसायनेटची चाचणीसुद्धा झाली : स्टीलला टेकलेल्या कार्बनचं काम जवळजवळ बंद पडलं, वाटीतल्याचं थोडंच मंदावलं. म्हणजे माझ्या आधीच्या आकड्यांमधला बराच भाग भांड्याच्या लोखंडाचा होता. ते सगळे आलेख मी आता नव्याने काढतेय.

इचलकरंजीचं पाणी फ्रीजमध्ये ठेवलंय, दोन्ही कॅन. मीठ मोजलं, पहिल्या धुण्यात भरमसाट आहे, म्हणून शेवटच्या धुण्यापासून सुरुवात करणार.

हडपसर_स्क्रॅप, पुढच्या गोणीत शाम्पूच्या पुड्या आणि पांढरी पाकिटं एकत्र आली तर मला वेगळी करायला फार जड जातं, तेवढं मावशींना सांगाल का? आणि त्यांचा दर त्याप्रमाणे वाढवा.

---

हडपसर_स्क्रॅप | २९ जून, रात्री १०:३१

सांगतो. शनिवारी टेम्पो पाषाणला येतोय, तेव्हा दोन गोण्या देतो, पांढरी वेगळी बांधून.